एका पैशाची काच

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत वाद झाला. महिन्याची शंभर रुपये बचत भरताना एक ताई म्हणाल्या, "शंभरानं काय व्हायचंय? दिवाळीला सगळे पैसे वाटून घेऊ आणि गट मोकळा करू." दोघीतिघींनी मान डोलावली. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. आज देतो. आमचं उत्तर काचेचं आहे.

तुमच्यातल्या थोरल्या मंडळींना प्रभाकर कंदील आठवत असेल. तिन्हीसांजेच्या आधी राख आणि फडकं घेऊन त्याची काच पुसायची, हे काम घरातल्या मुलींचं. काच तडकली की बोलणी ठरलेली. ती काच आपल्याच मुलखात होत होती, पण त्याआधी काय होतं ते ऐका.

सव्वाशे वर्षांपूर्वी काचेचा बराचसा माल परदेशातून जहाजानं यायचा. कंदिलाच्या काचा यायच्या, बाटल्या यायच्या. सवाष्णीच्या हातातल्या कितीतरी बांगड्याही ऑस्ट्रियाहून यायच्या. म्हणजे चुडा आपला आणि पैसा मात्र परक्याच्या खिशात.

त्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी एक साधी कल्पना मांडली. देशातल्या प्रत्येकानं वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. तेव्हा रुपयाचे 64 पैसे होते. म्हणजे एक रुपया जमवायला 64 माणसांपुढे हात पसरायचा. लोक हसले नसतील का? तरीही काळे गावोगाव फिरले. लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाला बळ दिलं आणि 1908 साली पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे इथं पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांना मंडालेच्या तुरुंगात नेलं. पण कारखाना काही बंद पडला नाही.

कारखान्याची घडी बसवायला जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय होते. काच करणं म्हणजे नुसती वाळू वितळवणं नाही. नुसती वाळू वितळायला 1700 अंशांच्या वर आच लागते. तिच्यात सोडा घातला की ती कमी आचेवर वितळते. पण फक्त वाळू आणि सोडा घातला तर ती काच पाण्यात विरघळते! म्हणून चुना घालावा लागतो. स्वयंपाकासारखंच आहे बघा, एक जिन्नस चुकला की सगळं बिघडलं. वाळूत लोखंडाचा अंश असला तर काच हिरवट दिसते. निळी हवी असेल तर चिमूटभर कोबाल्ट पुरतो.

हा सगळा माल मुशीत घालून भट्टीत वितळवतात. तो मधासारखा चिकट होतो. मग येते फुंकनळी. आपल्या चुलीच्या फुंकणीची ती थोरली बहीण समजा, माणसाच्या छातीइतकी लांब, पोकळ लोखंडी नळी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सीरियाच्या बाजूला तिचा शोध लागला आणि काचेचं भांडं साध्या माणसाच्या घरात आलं. कारागीर नळीच्या टोकावर रसाचा गोळा घेतो, लोखंडी पाट्यावर लोळवून तो सारखा करतो आणि फुंकतो. हात सतत नळी फिरवत राहतात, नाहीतर गोळा एका बाजूला ओघळतो. कंदिलाची काच असेल तर गोळा साच्यात धरून फुंकतात. जोरानं फुंकलं तर भिंत पातळ होऊन फाटते. म्हणून बेतानं फुंकायचं.

यापुढचं काम सगळ्यात धीराचं. तयार भांडं लगेच बाहेर थंड करत नाहीत. वेगळ्या भट्टीत तासन्‌तास हळूहळू निववतात. घाई केली तर बाहेरून ते निवतं, आत ताण राहतो, आणि चार दिवसांनी कुणी हात न लावता ते तडकतं.

पैसा फंडानं काच केलीच, पण त्याहून मोठं काम केलं ते माणसं शिकवण्याचं. तळेगावात शिकलेले कारागीर देशातल्या दुसऱ्या कारखान्यांत गेले. वार्ष्णेयांनी पुढे उत्तर प्रदेशात बहजोई इथं काच कारखाना काढला. 1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं, ऑस्ट्रियाचा माल थांबला, तेव्हा देशी काचेला मागणी आली. 1916 साली कराडजवळ, औंध संस्थानाच्या हद्दीत ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं. आपला प्रभाकर कंदील तिथला.

या इतिहासात बायका कुठं आहेत, असं तुम्ही विचाराल. बांगडीकडे बघा. आज देशातल्या बांगड्यांचं मोठं केंद्र उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद आहे. तिथं काचेची तार फिरत्या दांड्यावर गुंडाळून कापतात. त्या कड्यांची तोंडं सरळ करून जोडायचं काम घरोघरी बायका करतात, ज्योतीपुढे डोळे लावून, नगावर मजुरी घेऊन. ताजमहालाला धुराचा त्रास नको म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली त्या भागातल्या कारखान्यांचा कोळसा बंद करायला लावला. संगमरवराची काळजी घेतली गेली हे चांगलंच झालं. घरात ज्योतीचा धूर गिळणाऱ्या बाईचीही तितकीच काळजी व्हायला हवी.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. त्या ताई म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण एकेक पैसा देणाऱ्यांची नावं कुणाला माहीत आहेत?" प्रश्न बरोबर होता. काळ्यांचं नाव राहिलं, टिळकांचं राहिलं. पैसा देणारे हजारो हात मात्र विसरले गेले.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. बचत वाटायची नाही. तिच्या व्याजातून दरवर्षी दोघींना कामाचं शिक्षण द्यायचं. आणि वहीत 'अमक्याची बायको' किंवा 'तमक्याची आई' असं न लिहिता प्रत्येकीचं स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं. पहिलं नाव त्या ताईंनीच लिहिलं, आणि खाली शंभर रुपये ठेवले.

तुमच्या गटाची वही आज उघडून बघा.