हडसनच्या उपसागरावरील यजमान



मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजानें ईस्ट इंडिया कंपनीला सालीना दहा पौंड भाड्यानें दिलें, ही गोष्ट आपणांपैकीं बहुतेकांनीं शाळेंत घोकलेली असेल. सन १६६८ ची ती सनद. त्याच राजानें पुढें दोनच वर्षांनीं, २ मे १६७० रोजीं, दुसऱ्या एका कंपनीला याहून कितीतरी मोठें दान दिलें, तें मात्र आपल्या क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. उत्तर अमेरिकेंत हडसनचा उपसागर आहे. त्याला जेवढ्या म्हणून नद्या मिळतात त्या सर्वांच्या खोऱ्यांतील भूमि आणि तेथील व्यापाराचा मक्ता राजानें आपला आतेभाऊ प्रिन्स रूपर्ट व त्याचे सतरा भागीदार यांना लिहून दिला. त्या नद्या कोठून वाहत येतात हें राजालाहि ठाऊक नव्हतें आणि भागीदारांनाहि. पुढें अंदाज झाला तेव्हां तो मुलूख सुमारें पंधरा लक्ष चौरस मैल, म्हणजे आजच्या आपल्या संबंध देशाहून मोठा भरला. भाडें ठरलें तें असें: राजा किंवा त्याचे वारस त्या मुलखांत पाऊल ठेवतील तेव्हां दोन एल्क हरणें व दोन काळे बीव्हर त्यांना द्यावे.

मी भूगोल शिकवीत असें तेव्हां भिंतीवरच्या नकाशांत हा उपसागर छडीनें दाखवी आणि ही सनदेची गोष्ट मुलांना सांगे. एकदां पुढच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, ‘गुरुजी, पण ती जमीन राजाची होती का?’ शाळातपासणी जवळ आली होती. मीं त्याला म्हटलें, ‘हा प्रश्न परीक्षेला येत नाहीं, पुढें वाच.’ निवृत्त झाल्यावर फुरसतीनें वाचूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, हाच प्रश्न तेथील मूळच्या लोकांनीं कंपनीच्या तोंडावर विचारला होता, आणि त्यांनाहि माझ्यासारखेंच उत्तर मिळालें होतें. त्या मुलाचें देणें थोडेंसें फेडावें, म्हणून आज हा विषय निवडला.

कंपनीला तिकडून काय हवें होतें? सोनें नव्हे आणि प्रारंभीं जमीनहि नव्हे. तिला टोपी हवी होती. बीव्हर हा ओढ्यानाल्यांवर बांध घालून पाण्यांत घर करणारा, कुरतडणाऱ्या जातीचा एक मोठा प्राणी. त्याच्या लांब केंसांखालीं जी बारीक मऊ लोंकर असते तिचा नमदा फार उत्तम होतो, व त्याच्या टोप्या युरोपांतील प्रतिष्ठित लोक मिरवीत. रादिसों व ग्रोसेये या दोघां फ्रेंच साहसी पुरुषांनीं या धंद्याची वाट इंग्रजांना दाखविली. १६६८ सालीं ‘नॉनसच’ नांवाचें एक लहानसें जहाज उपसागराच्या दक्षिण टोंकाला एका नदीच्या मुखाशीं हिवाळा काढून राहिलें आणि पुढील वर्षीं कातडीं भरून लंडनला परतलें. त्या नदीला इंग्रजांनीं रूपर्टचें नांव दिलें. हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. शेवटीं तिच्याकडेच यावयाचें आहे.

गंमत अशी कीं, सर्वांत मोलाचें कातडें कोरें नसे, वापरलेलें असे. क्री लोक बीव्हरच्या कातड्यांचा झगा केंसांची बाजू आंत करून एक-दोन हिवाळे अंगावर वागवीत. घर्षणानें व अंगाच्या चिकणाईनें लांब केंस झडून जात आणि खालची लोंकर नमद्यासाठीं आयती तयार होई. लंडनच्या सरदाराच्या डोक्यावरील टोपी आधीं दोन वर्षें कोणा क्री शिकाऱ्याच्या पाठीला चिकटलेली असे. त्या सरदाराला हें कोणी सांगत असेल असें वाटत नाहीं.

आतां कंपनीची स्थिति पाहा. किनाऱ्यावर चार-दोन लांकडी ठाणीं आणि एकेका ठाण्यावर थोडींशीं गोरीं माणसें. समुद्र वर्षांतील बहुतेक काळ गोठलेला आणि विलायतेचें जहाज वर्षांतून एकदां यावयाचें. मधल्या काळांत हंस व हरणांचें मांस आणून देणारे, बर्फावरचे बूट शिवणारे, होडी वल्हवून नेणारे आणि रस्ता दाखविणारे सर्व क्री लोकच. ज्यांना आपण ‘तांबडे इंडियन’ म्हणत आलों, त्यांचें तें नांव नव्हे. क्री, असिनिबोईन, डेने अशीं त्यांचीं निरनिराळीं राष्ट्रें होतीं आणि त्यांच्यांत वैरें होतीं, तह होते, मुत्सद्दी होते. अशा ठिकाणीं सनदेचा कागद दाखवून कोणाचें पोट भरणार? म्हणून कंपनीला त्यांच्या रीतीनें वागणें भाग पडलें.

ती रीत मोठी पाहण्याजोगी आहे. उन्हाळ्यांत शिकाऱ्यांच्या होड्यांचा ताफा यॉर्क ठाण्याजवळ आला म्हणजे बंदुकांचे बार होत. ताफ्याच्या प्रमुखाला ठाण्याचा अधिकारी आंत नेऊन बसवी, त्याला किनखापी नसला तरी झगझगीत कोट चढवी, दोघे मिळून चिलीम ओढीत आणि भाषणें व नजराणे होत. आपल्या लोकांना माप कमी मिळतें, बंदुका फुटतात, पातेलीं पातळ आहेत, अशी तक्रार प्रमुख या प्रसंगीं स्पष्टपणें मांडी. हें सारें झाल्यावांचून एकाहि कातड्याचा सौदा होत नसे. हिशेब नाण्यांत नव्हता; ‘एक तयार बीव्हर’ हेंच नाणें. आठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत यॉर्क येथें एका बंदुकीला असे सुमारें चौदा बीव्हर पडत. बंदुकीच्या उंचीइतकी कातड्यांची चळत घेऊन मगच बंदूक देत, अशी एक कथा सर्वत्र सांगतात. कंपनीच्या दरपत्रकांत तिला आधार सांपडत नाहीं. उलट, मालाविषयींच्या क्री लोकांच्या तक्रारी ठाण्याचे अधिकारी नेमानें लंडनला कळवीत आणि तेथील संचालक कारागिरांकडून माल सुधारून घेत, हें मात्र कागदोपत्रीं आहे. आमचे भोळे लोक मण्यांवर भुलले, ही समजूत निदान येथें तरी सोडून द्यावी. गिऱ्हाइक चोखंदळ होतें.

या संबंधांतील सर्वांत विलक्षण व्यक्ति एक तरुण स्त्री होती. उत्तरेकडील डेने लोक क्री लोकांच्या भयानें ठाण्यावर येत नसत, कारण क्रींना कंपनीकडून बंदुका मिळाल्या होत्या आणि डेन्यांजवळ त्या नव्हत्या. क्रींनीं धरून नेलेली एक डेने स्त्री कैदेंतून निसटली आणि नोव्हेंबर १७१४ मध्यें अर्धमेली होऊन यॉर्क ठाण्यावर पोहोंचली. बरोबर पळालेली तिची मैत्रीण वाटेंतच मरण पावली होती. ठाण्याचा मुख्य जेम्स नाइट यानें तिची योग्यता चटकन् ओळखली. १७१५ च्या जूनमध्यें विल्यम स्टुअर्ट नांवाचा कंपनीचा एक माणूस व सुमारें दीडशें क्री यांच्याबरोबर तिला तहाच्या कामगिरीवर धाडण्यांत आलें. वाटेंत उपासमार झाली, आजार आले आणि बहुतेक मंडळी फुटून मागें वळली. उरलेल्यांना पुढें नऊ डेन्यांचीं प्रेतें आढळलीं. दुसऱ्या एका क्री टोळीनें त्यांना मारलें होतें. आतां सूड आपल्यावर उगवला जाणार, म्हणून सोबतचे लोक परतण्यास निघाले. तिनें सांगितलें, ‘दहा दिवस येथें थांबा, मी एकटी जातें.’ ती बर्फांतून गेली, आपले लोक शोधले, घसा बसेपर्यंत त्यांची समजूत घातली, आणि दहाव्या दिवशीं शंभरांहून अधिक डेने घेऊन परत आली. तेथें चिलीम फिरली आणि तह झाला. १७१६ च्या मे महिन्यांत ती यॉर्कला परतली. पुढें ठाण्यावर बसून ती आपल्या लोकांना कातडीं कशीं कमवावीं हें शिकवी आणि वाईट कातडें आणणाऱ्याला धरून झाडी. ५ फेब्रुवारी १७१७ रोजीं ती आजारानें वारली. त्याच वर्षीं नाइटनें डेन्यांसाठीं चर्चिल नदीवर नवें ठाणें घातलें.

नाइटनें रोजनिशींत तिच्या मृत्यूबद्दल मनापासून शोक केला आहे. पण साऱ्या रोजनिशींत तिचा उल्लेख ‘ती दासी’ असाच आहे. तिचें नांव त्यानें लिहिलें नाहीं. थानाडेल्थर हें नांव आज आपणांस ठाऊक आहे तें डेने लोकांनीं आपल्या मौखिक परंपरेंत जपलें म्हणून.

व्यापाराबरोबर नातींहि जुळलीं. कंपनीनें आरंभीं मनाई केली होती, तरी तिचे नोकर तेथील रीतीनें लग्नें करीत. सासुरवाडी लाभली म्हणजे कातडीं येत, भाषा येई आणि हिवाळ्यांत जीव वांचे. पण गोरे अधिकारी संपन्न झाले आणि विलायती बायका तिकडे येऊं लागल्या तेव्हां या पत्नींचें काय झालें? कंपनीचा प्रसिद्ध गव्हर्नर जॉर्ज सिम्प्सन यानें १८३० सालीं लंडनला जाऊन आपल्या चुलत नात्यांतील मुलीशीं लग्न केलें आणि जिच्यापासून त्याला मुलें होतीं ती मार्गारेट टेलर बाजूला पडली. १८६७ मध्यें क्वेबेकच्या न्यायालयानें दुसऱ्या एका व्यापाऱ्याचें क्री स्त्रीशीं क्री रीतीनें झालेलें लग्न कायदेशीर ठरविलें. पण तोंपर्यंत ती बिचारी मठांत मरण पावली होती.

सिम्प्सनच्याच काळांत वारा फिरला. त्यापूर्वीं मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीशीं जीवघेणी चढाओढ होती. तींत दारूचे पिंपेंच्या पिंपें वाहिलीं आणि कित्येक प्रदेशांतील बीव्हर निपटून गेले. १८२१ मध्यें दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि शिकाऱ्याला दुसरें दार उरलें नाहीं. नजराणे आटले, दारूहि आटली. या लोकांना आपल्यावर अवलंबून ठेवूनच कह्यांत ठेवितां येईल, असें सिम्प्सननें १८२२ सालींच स्वच्छ लिहून ठेविलें आहे. तरी एकाच रंगानें चित्र रंगवूं नये. १८३७ सालीं मिसूरी नदीच्या मार्गानें देवीची सांथ आली, तेव्हां कंपनीचा डॉक्टर विल्यम टॉड यानें क्री लोकांना लस टोंचली, त्यांतील कांहींना ती टोंचण्यास शिकविलें, आणि कंपनीनें ठाण्याठाण्यांवर लस पाठविली. हजारों जीव वांचले. शिकारी मेले तर कातडीं कोण आणणार, हा विचार त्यांत नव्हता असें कोण म्हणेल? पण लस ही लसच.

यानंतर टोप्यांना रेशीम आलें, पूर्वेकडून वसाहतवाल्यांची नजर गवताळ प्रदेशांतील काळ्या जमिनीवर वळली, आणि शिकाऱ्याच्या कौशल्याची गरज सरली. १८६९ मध्यें कंपनीनें आपले सनदी हक्क सोडण्याचा करार केला आणि तो मुलूख पुढील वर्षीं कॅनडाकडे गेला. मोबदला तीन लक्ष पौंड, शिवाय ठाण्यांभोंवतालची जमीन आणि सुपीक पट्ट्याचा विसावा भाग. तेथें राहणाऱ्या एकाहि माणसाला विचारण्यांत आलें नाहीं. गोऱ्या बापांच्या व क्री मातांच्या वंशजांनीं, मेती लोकांनीं, लुई रिएलच्या नेतृत्वाखालीं लाल नदीकांठीं उठाव केला, त्यांतून मॅनिटोबा प्रांत निघाला. तो इतिहास स्वतंत्रपणें सांगण्याजोगा आहे.

मला सांगावयाचें आहे तें सप्टेंबर १८७४ चें. कापेल दरींत लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर मॉरिस क्री व सोल्टो लोकांशीं करार करावयास आले होते. जमिनीविषयीं बोलणें सुरू झालें, पण त्या लोकांच्या तोंडून शब्द निघेना. आमच्या मनांत एक गोष्ट अडली आहे, असें ते पुनः पुनः सांगत. अखेर ती बाहेर आली. कंपनीनें आमची माती, गवत, झाडें, दगड सारें आमच्याकडून चोरलें, असें एकानें सांगितलें. पास्क्वा नांवाच्या नायकानें तेथेंच बसलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे बोट दाखविलें: तुम्ही आमची जमीन तीन लक्ष पौंडांस विकल्याचें तुम्हींच सांगितलें, ते पैसे आम्हांला हवेत. दोनशें वर्षें ज्यांच्याशीं चिलीम ओढली त्यांच्या तोंडचे हे शब्द आहेत. मॉरिसनीं पैशांची मागणी मान्य केली नाहीं. करार झाला, माणशीं सालीना पांच डॉलर ठरले.

भाडें मात्र कंपनीनें चुकविलें नाहीं. सहावा जॉर्ज १९३९ सालीं विनिपेगला आला तेव्हां त्याला एल्कचीं मस्तकें व बीव्हरचीं कातडीं समारंभानें अर्पण झालीं, आणि १९७० सालीं एलिझाबेथ राणीला दोन जिवंत बीव्हर दिले. त्यानंतर ही प्रथा बंद झाली.

आतां त्या नदीकडे. उपसागराच्या दक्षिणेकडील फांट्याला जेम्सचा उपसागर म्हणतात. १९७१ सालीं क्वेबेकच्या सरकारनें तेथील नद्यांवर प्रचंड धरणें बांधून वीज काढण्याचें जाहीर केलें. तेथील क्री लोकांना ही बातमी वर्तमानपत्रांतून कळली. राजाची सनद त्यांना कळली नव्हती, त्याच जातीची ही गोष्ट. पण या वेळीं ते न्यायालयांत गेले. शिकारीचे म्हातारे लोक मॉन्ट्रियलला येऊन साक्षी देऊन गेले आणि नोव्हेंबर १९७३ मध्यें न्यायाधीश मालूफ यांनीं काम थांबविण्याचा हुकूम दिला. वरच्या न्यायालयानें तो आठवड्याभरांत उठविला; पण आतां विचारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, हें सरकारला कळून चुकलें. ११ नोव्हेंबर १९७५ रोजीं क्री व इनुइट लोकांशीं करार झाला: साडेबावीस कोटि डॉलर आणि शिकारीचे व स्वशासनाचे हक्क. धरणें झालीं, जंगल बुडालें आणि नव्या जलाशयांतील माशांत पारा उतरला. पुढें ग्रेट व्हेल नदीची पाळी आली, तेव्हां १९९० सालीं क्री व इनुइट अर्धी एकाच्या व अर्धी दुसऱ्याच्या पद्धतीची होडी बांधून थेट न्यूयॉर्कला गेले, कारण वीज तिकडे विकली जाणार होती. १९९४ मध्यें तो बेत बाजूला ठेवण्यांत आला.

फेब्रुवारी २००२ मध्यें पुन्हा करार झाला: पन्नास वर्षांत साडेतीन अब्ज डॉलर, आणि त्या बदल्यांत रूपर्ट नदी वळविण्यास संमति. क्री लोकांनीं मतदान करून तो स्वीकारला, तरी नदीकांठच्या गांवांतून विरोध होत राहिला. नोव्हेंबर २००९ मध्यें त्या नदीचें बरेंचसें पाणी उत्तरेकडील वीजघरांकडे वळलें. ‘नॉनसच’ जहाज जेथें थांबलें होतें त्या मुखाशीं वास्कागानिश हें क्री लोकांचें गांव आजहि नांदतें आहे. हडसन बे कंपनीचीं शेवटचीं दुकानें १ जून २०२५ रोजीं बंद झालीं.