खानदेशांतील घर आणि माणसाचें स्वास्थ्य

खानदेशांतील गांवांच्या जुन्या दप्तरांत 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द वारंवार भेटतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ही वांटणी केवळ साऱ्याच्या सोयीसाठीं नव्हती. कपाशीची काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत हात शिरेल एवढ्या भेगा देते. तिच्यावर उभी केलेली भिंत थोड्याच वर्षांत तडकते. म्हणून नांगर कोठें धरावा आणि चूल कोठें मांडावी, हें आपल्या पूर्वजांनीं मातीचा स्वभाव पाहून ठरविलें. घर बांधण्याच्या विद्येंतील हा पहिला धडा होय. घराचा आणि माणसाच्या स्वास्थ्याचा संबंध खानदेशाच्या, मुख्यत्वें जळगांव व धुळें जिल्ह्यांच्या, इतिहासांत कसा दिसतो, हें आज सांगण्याचा माझा विचार आहे.

शाळेंत स्वास्थ्य हा शब्द शिकवितांना मी त्याची फोड करून दाखवीत असें. स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे राहणारा. जो आपल्या ठिकाणीं सुखानें राहतो तो स्वस्थ. आरोग्य आणि राहणें यांची गांठ भाषेनें अशी मुळांतच बांधून ठेविली आहे. तेव्हां घराची परीक्षा करावयाची ती त्याच्या किंमतीवरून किंवा दर्शनी शोभेवरून नव्हे. त्यांत राहणाऱ्यास ऊन किती लागतें, हवा किती मिळते, उजेड व पाणी कितपत पोंचतें आणि शेजाऱ्याशीं दोन शब्द बोलण्यास जागा आहे कीं नाहीं, या प्रश्नांवरून ती करावयाची.

आपल्या भागांत वस्ती फार प्राचीन आहे. धुळें जिल्ह्यांतील कावठें येथें झालेल्या उत्खननांत सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची वसाहत उजेडांत आली. तेथील लोक जमिनींत उथळ खड्डा खणून त्यावर काटक्यांचें छप्पर घालीत व त्यांत राहत. हा रानटीपणा होता असें समजूं नये. भूमीच्या पोटांत उन्हाचा ताव व थंडीचा कडाका दोन्ही कमी पोंचतात, हें ज्ञान त्यांत आहे. गिरणेकाठचें बहाळ व तापीकाठचें प्रकाशें येथेंहि १९५० नंतरच्या दशकांत उत्खननें झालीं व ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर सांपडले. जुनीं घरें पडलीं, त्यांच्याच मातीवर नवीं उभीं राहिलीं, आणि राख व माती सांचून नदीकांठचीं टेकाडें वाढत गेलीं.

या दीर्घ अनुभवांतून जें घर सिद्ध झालें तें खानदेशांतील धाब्याचें घर. त्याची रीत अशी. भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, चांगल्या दीड-दोन हात रुंद. छपराचें ओझें पुष्कळ ठिकाणीं भिंतींवर न ठेवतां लांकडी खांबांवर घेतलेलें असे. त्यामुळें पावसानें एखादी भिंत खचली तरी माथा खालीं येत नसे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या म्हणजे लहान लांकडांची आडवी रांग, तिच्यावर तुरीच्या काड्या व पऱ्हाट्या, त्यांवर लिंबाचा पाला, आणि सर्वांच्या वर तुडवून घातलेला मातीचा जाड थर. लिंबाचा पाला वाळवीस दूर ठेवी. अखेरचा हात खाऱ्या मातीचा असे. ही माती भिजतांच फुगून बारीक भेगा आपोआप बुजवी व तिच्यांत गवत सहसा उगवत नसे. मृगाच्या आधीं नवी खारी माती टाकणें हें दरवर्षींचें काम होतें. त्यांत कुचराई केली तर श्रावणांत घर गळे.

वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, हें श्रोत्यांस सांगावयास नको. दुपारचें ऊन एवढ्या रुंद भिंतींतून आंत येण्यास कित्येक तास लागतात. तें आंतल्या बाजूस पोंचतें तेव्हां बाहेर रात्र पडलेली असते, आणि घरांतील माणसें अंथरूण घेऊन धाब्यावर गेलेलीं असतात. घराचा हा उष्णतेशीं चाललेला लपंडाव कोणत्याहि यंत्रावांचून चालत असे.

आणखी पाहा. तेंच धाबें दिवसा कुरडया, पापड व बिबड्या वाळविण्याचें अंगण होई आणि सुगींत मिरच्या व शेंगा पसरण्याचें खळें होई. दारापुढील ओटा हा घराचा भाग खरा, परंतु त्यावर बसण्याचा हक्क वाटसरूचाहि असे. संपन्न घरीं मधला चौक उघडा ठेवीत; त्यांतून उजेड खालीं येई व तापलेली हवा वर निघून जाई. सातपुड्यांतील पावरा बांधवांची रीत निराळी. त्यांचीं घरें आपापल्या शेतांत विखुरलेलीं, भिंती बांबूच्या कुडाच्या, ज्यांतून वारा खेळतो. डोंगरावर बांबू व वारा, सपाटीवर माती व सावली: साधन भिन्न, परंतु विचार एकच.

एवढें गुणगान करून थांबलों तर तो इतिहास होणार नाहीं. सामान्य शेतकऱ्याच्या धाब्याच्या घरास खिडकी क्वचितच असे. चोराचें भय होतें आणि उन्हाचेंहि. चुलीचा धूर माजघरांत कोंडे, आणि तो गिळावा लागे घरांतील स्त्रियांना. धान्य, अंधार आणि मातीच्या भिंती एकत्र आल्या कीं उंदरांचें राज्य सुरू होई. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला व पुढील वर्षांत तो खानदेशांतहि पोंचला, तेव्हां याची किंमत कळली. लोक घरें सोडून शेतांत व माळावर झोंपड्या घालून राहिले. मोकळी हवा व सूर्यप्रकाश हेंच त्यांचें औषध ठरलें. दुसरा दोष याहून खोल होता. पांढरीची आंखणी करतांना गांवकुसाच्या आंत कोणी राहावें व बाहेर कोणी, हें जातीनें ठरविलें होतें. गांवाची विहीर, पार, सावलीची गल्ली यांचें सुख सर्वांना नव्हतें. जें स्वास्थ्य शेजाऱ्याला वेशीबाहेर ठेवून मिळवावें लागतें, तें अपुरेंच म्हटलें पाहिजे.

एका घराचें स्वास्थ्य त्याच्या गल्लीवर अवलंबून असतें, आणि येथें धुळें शहराची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १८०३ च्या भयंकर दुष्काळांत धुळें ओस पडलें होतें. पुढच्याच वर्षीं विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हां वसविलें. मराठेशाहीचा अंत झाल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इंग्रज अधिकारी खानदेशाचा कारभार पाहूं लागला व १८१९ सालीं त्यानें धुळें हें मुख्य ठाणें केलें. त्या वेळीं गांवांत ४०१ घरें व २५०९ माणसें होतीं. पांझरा नदी व एक पाट यांच्यामध्यें कोंडलेलें, बागायतीनें वेढलेलें तें लहानसें गांव होतें. ब्रिग्जनें नव्या पेठेसाठीं व्यापारी व कारागीर यांना बोलाविलें, घरासाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या आणि पक्कीं घरें बांधण्यास तगाई दिली. धुळ्याच्या सरळ, एकमेकींस समांतर व नुसत्या क्रमांकानें ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजहि आंखीव वस्तीची साक्ष देतात. सरळ गल्लींत वारा वाहतो, सांडपाण्यास उतार मिळतो, आणि आग लागली तर माणसास वाट सांपडते. ब्रिग्जचा हेतु राज्य स्थिर करण्याचा होता, यांत संशय नाहीं. परंतु घरासाठीं जागा व उचल दिली कीं उजाड मुलूख पुन्हां नांदूं लागतो, हें त्यानें ओळखलें. मात्र नदीची बाजू विसरतां येत नाहीं. १८७२ च्या सप्टेंबरांत पांझरेला आलेल्या पुरानें शहराची मोठी हानि केली. माणसाच्या घराप्रमाणेंच नदीलाहि तिची जागा मोकळी लागते.

तिसरें उदाहरण जळगांव जिल्ह्यांतील फैजपूरचें. १९३६ च्या डिसेंबरांत पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन तेथें भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. तेथील टिळकनगर गांवांत मिळणाऱ्या साधनांनीं व गांवच्या कारागिरांच्या हातून उभें राहावें, असा महात्मा गांधींचा आग्रह होता. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस व वास्तुकार म्हात्रे यांनीं तें काम पार पाडलें. बांबू, चटया, गवत व माती यांतून प्रवेशद्वारें, मंडप आणि राहुट्या झाल्या. पाहुणे येऊन पाहतात तों शोभा होती, परंतु ती विकत आणलेली नव्हती. त्यानंतर पंधरवड्यांतच, ९ जानेवारी १९३७ च्या 'हरिजन' पत्रांत गांधीजींनीं आदर्श खेड्याचें वर्णन केलें. घरांत पुरेसा उजेड व हवा असावी आणि तीं पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या साहित्यानें बांधलेलीं असावीं, असा त्याचा आशय होता. धाब्याच्या घरानें दुसरी अट शतकानुशतकें पाळली होती. पहिली पाळण्यांत तें उणें पडलें होतें. दोन्हींची सांगड घालणें हेंच फैजपूरचें शिक्षण होय.

परदेशांतहि हा प्रयोग झाला आहे. इजिप्तमधील वास्तुकार हसन फतही यांनीं १९४५ पासून लक्सरजवळ मातीच्या विटांचें नवें गांव बांधावयास घेतलें. घरें सुंदर व थंड होतीं. तरी ज्यांच्यासाठीं तीं बांधलीं त्यांतील पुष्कळांनीं तेथें जाण्याचें नाकारलें, कारण आपलें जुनें ठिकाण सोडण्याची त्यांची इच्छाच नव्हती. राहणाऱ्याचें मन विचारांत घेतल्यावांचून उत्तम घरहि ओसच राहतें.

आज धाबीं मोडून सिमेंटचे स्लॅब व पत्रे येत आहेत. याचें कारण समजण्यासारखें आहे. चांगलें लांकूड महाग झालें, दरवर्षीं माती टाकणारे हात शहरांत गेले, आणि गळतें छप्पर कोणालाच नको. परंतु चार-पांच इंच जाडीचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो व रात्रभर आंत ओकतो. पत्र्याखालीं तर दुपार असह्य होते. २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेंत घर किमान २५ चौरस मीटरचें असावें असें ठरलें आहे. एवढ्या लहान जागेंत एक-एक हात मोलाचा. म्हणून नवें घर बांधणाऱ्यांस माझें सांगणें इतकेंच आहे. स्लॅबला वरून पांढरा चुना द्या. पश्चिमेच्या भिंतीस सावली करा, निदान एक लिंब लावा. समोरासमोर दोन खिडक्या ठेवा, म्हणजे वारा आंत येऊन बाहेर जाईल. चुलीच्या किंवा शेगडीच्या वर धूर जाण्यास वाट ठेवा. आणि कितीहि जागा कमी असली तरी दारापुढील ओटा गिळूं नका.

हीं कामें फार खर्चाचीं नाहींत. धाब्याचें घर परत येईल असें मी म्हणत नाहीं, व त्यांतील अंधार परत यावा अशी माझी इच्छाहि नाहीं. परंतु तें बांधणारा गंवडी आपल्या गांवचें ऊन, वारा आणि माती ओळखून मग भिंत घालीत असे. ती ओळख मोडली तर घर कितीहि पक्कें असो, त्यांतील माणूस उन्हाळ्याचे चार महिने स्वस्थ राहणार नाहीं. आणि या वेळीं ओटा व विहीर सर्वांची असली पाहिजे, एवढें आपण जुन्या हिशेबांत नव्यानें मांडावयाचें आहे.