परतीची वाट : म्युनिक, बोरघाट आणि ट्रॉलीचा लाल दिवा

ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा प्रखर होण्याऐवजी मंदावतो. डावा इंडिकेटर लावला की टेल लॅम्पही त्याच्या तालावर लुकलुकू लागतो. खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीसारख्या गावातून माल भरून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे रात्री असणाऱ्याला हे दृश्य नवे नाही. मग बल्ब बदलला जातो, फ्यूज पाहिला जातो, आणि दोष जिथल्या तिथे राहतो. कारण तो दिव्याकडे येणाऱ्या तारेत नसतोच. तो परतीच्या वाटेत असतो. या वाटेला मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक अध्याय कुंभिवलीजवळच्याच घाटात घडला आहे.

आधी एक गैरसमज. विजेची तुलना नेहमी पाण्याशी केली जाते. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी घाटाखाली खोपोलीचे टाटांचे वीजघर सुरू झाले. वरच्या तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली येते, चक्रे फिरवते आणि पाताळगंगेत निघून जाते. ते तलावात परतत नाही. विजेचे तसे नाही. उगमाकडे परतण्याची वाट नसेल, तर ती मुळात निघतच नाही.

ही परतीची तार वाचवता येते, हे उमगले एका फसलेल्या प्रयोगातून. १८३८ मध्ये म्युनिकच्या कार्ल श्टाइनहाइल यांनी न्यूर्नबर्ग–फ्यूर्थ रेल्वेचे रूळच तारायंत्राच्या तारा म्हणून वापरून पाहिले. रूळ जमिनीपासून विलग राहीनात. वीज मातीत शिरू लागली. प्रयोग फसला, पण जमीन स्वतःच परतीची वाट होऊ शकते हे त्यांच्या ध्यानात आले. निम्मी तार वाचली. पुढे तारायंत्राच्या असंख्य ओळी एका तारेवर चालल्या.

रेल्वेने याच काटकसरीचा मोठा अवतार घडवला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्याकडे विजेवरची पहिली गाडी धावली आणि दशक संपता संपता विद्युतीकरण बोरघाट चढून पुण्याकडे पोहोचले. वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी, आणि परतीला चाकांखालचे रूळ. (घाटात मालगाड्या ओढणारी ती लांब नाकाची इंजिने रेल्वेवाल्यांच्या तोंडी ‘खेकडा’ झाली.)

इथे अभियंत्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : रूळ लोखंडाचा असला तरी दोन रुळांमधला सांधा भरवशाचा नसतो. फिशप्लेट बोल्टने कितीही आवळली तरी मधे गंज शिरतो. म्हणून प्रत्येक सांध्याला वळसा घालून तांब्याचा जोड दिला गेला. तो तुटला तर प्रवाह भलत्या वाटा शोधतो. भटक्या डीसी प्रवाहाने जमिनीखालचे नळ कुरतडल्याचा अनुभव ट्रामच्या काळातच अनेक शहरांनी घेतला होता.

मोटारींनीही तांबे वाचवले. दिव्याला एकच तार, परतीला गाडीचा सांगाडा; गॅरेजच्या भाषेत ‘बॉडी अर्थ’. एकसंध गाडीत हे निभावते. ट्रॉली मात्र दुसरी गाडी आहे आणि दोहोंमधला सांधा म्हणजे हूक : ग्रीस, रंग, चिखल, कोकणच्या पावसाचा गंज, शिवाय प्रत्येक खड्ड्यात सुटणारा स्पर्श. रुळाच्या सांध्यावर जो भरवसा रेल्वेने कधी ठेवला नाही, तो इथे सर्रास ठेवला जातो.

परिणाम गणिताने दिसतो. १२ व्होल्टवर २१ वॅटचे दोन ब्रेक लॅम्प मिळून साडेतीन अँपिअर घेतात. गंजलेल्या सांध्यात अवघा अर्धा ओहम रोध असला तरी दीड व्होल्टच्या आसपास तिथेच खर्ची पडतो आणि प्रकाश एकतृतीयांशाहून अधिक घटतो. परत जाण्याची वाट पूर्ण तुटली, तर ब्रेकचा प्रवाह त्याच बल्बमधल्या टेल लॅम्पच्या तंतूतून उलटा शिरून दुसऱ्या दिव्यांमार्गे वाट काढतो. घाटउतारावर मागच्या चालकाला तो ब्रेक दिसतच नाही.

उपाय बोरघाटातलाच आहे : सांध्याला वळसा घालणारी वेगळी तार. २४ व्होल्टच्या अवजड ट्रेलरांसाठीच्या आयएसओ ११८५ या प्रमाणात सात पिनांपैकी पहिली पिन परतीच्या तारेलाच दिली आहे.

दोष शोधताना मल्टिमीटर एका बाबतीत फसवतो. दिवे बंद असताना गंजका सांधाही जोडलेला दिसतो, कारण त्यातून प्रवाहच जात नसतो. म्हणून ब्रेक दाबून ठेवावा, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे ट्रॉलीवरच्या दिव्याच्या बॉडीला लावावे. काटा शून्याजवळ हवा. व्होल्ट दिसले, तर ते वाटेतच हरवत आहेत. मीटर नसेल तर त्याच दोन जागा जाड तारेने जोडाव्यात. दिवा झटकन उजळला की बल्ब परत खोक्यात ठेवावा आणि रंग खरवडायला घ्यावा.