आपल्या नावाची ध्वनिमुद्रिका

एखाद्या कलावंताच्या आयुष्यात एक ध्वनिमुद्रिका अशी येते, की तिच्या अलीकडचा तो आणि पलीकडचा तो, असे दोन भाग आपसूक पडतात. इंग्लंडातील ‘क्लॅश’ या पंक रॉक वाद्यवृंदाची १९७९ च्या डिसेंबरात निघालेली ‘लंडन कॉलिंग’ ही त्यांपैकीच होय. पंक म्हणजे निव्वळ आरडाओरडा, असे म्हणणाऱ्यांना तिच्यात जमैकाचा ताल आणि जॅझचे सूर एकत्र नांदताना ऐकू आले. तिचे नावही नभोवाणीचेच देणे आहे. युद्धकाळी बीबीसीचे निवेदक जगाला घालीत ती ही हाक!

आपल्याकडे असे काही घडले काय? मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. त्याचे संगीत पंक नव्हते. परंतु त्याच्यापुढील प्रश्न तोच होता. आपण कोणाच्या आवाजात गावयाचे?

हा प्रश्न मुंबईला नवा नव्हता. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी आयुष्ये वेचली, पण तबकडीवर त्यांची नावे क्वचितच उमटली. त्यांच्यातीलच अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणात भारतीय सिंफनीचे स्वप्न साकारून पाहिले. त्याच कॉलेजाशेजारच्या रंगभवनात पुढे रॉक संगीताचे मेळे भरू लागले. तेथील श्रोत्यांना मात्र हवी असत ती परदेशी गीतांची हुबेहूब नक्कल.

अशा काळात, १९८८ साली, ‘रॉक मशीन’ने ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही स्वतःच्या गीतांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. भाषा इंग्रजी, पेहराव पाश्चात्त्य. पण रचना आपली. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आली. नंतर १९९३ साली वाद्यवृंदाने आपले नावच बदलले. सिंधू नदीचे स्मरण देणारे ‘इंडस क्रीड’ हे नाव त्याने घेतले, आणि १९९५ मध्ये त्याच नावाची ध्वनिमुद्रिका बाहेर आली. तिच्यात रॉकच्या गिटारीला भारतीय संगीताचे रंग मिळाले होते.

या तिसऱ्या मुद्रिकेचे स्थान मला सर्वांत मोलाचे वाटते. पहिलीने ‘आम्हीही रचू शकतो’ एवढे सिद्ध केले. तिसरीने ‘आम्ही कोण’ याचे उत्तर शोधले. मात्र उत्तर गवसले तेव्हा काळ पालटला होता. दूरचित्रवाणीच्या संगीतवाहिन्या हिंदी गीतांकडे वळल्या, आणि १९९७ मध्ये वाद्यवृंद विखुरला. उदय बेनेगल व जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये दुसरा संसार मांडला. बेनेगल आणि महेश तिनईकर २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले. ‘इव्हॉल्व्ह’ ही पुढची मुद्रिका २०१२ साली निघाली. मध्ये सतरा वर्षे लोटली होती.

तापीच्या खोऱ्यातील जसोंडीसारख्या गावात या गिटारीचे कौतुक कोणाला, असे कोणी विचारील. पण ज्या सीमाभागात घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेच्या पुस्तकात तिसरीच भाषा भेटते, तेथील मुलाला हा प्रश्न परका नाही. उसन्या भाषेतही स्वतःचे काही सांगता येते. मात्र त्यासाठी आधी नक्कलेवर मिळणाऱ्या टाळ्या सोडाव्या लागतात. त्या तरुणांनी त्या सोडल्या, हेच त्यांचे खरे कर्तृत्व.