तालीम टिकते कशामुळे?



गावात व्यायामशाळा उघडते तेव्हा नारळ फुटतो, फोटो निघतात. पहिला महिनाभर गर्दी असते आणि पुढं दाराला कुलूप लागतं. मशीन नवीच असतात, माणसं मात्र गळतात. असं का होतं ते समजून घ्यायला आज आम्ही तुम्हाला कोल्हापूरच्या तालमींची गोष्ट सांगणार आहोत.

राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. त्यांनी पैलवानांना आश्रय दिला. १९०२ च्या विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं मैदान पाहिलं आणि १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. १९२२ साली महाराज गेले, १९४९ साली संस्थान विलीन झालं. राजाश्रय संपला, तरी गंगावेश, मोतीबाग या तालमी राहिल्या.

कशानं राहिल्या? एक म्हणजे काम. हौद्यातली तांबडी माती सारखी उकरावी लागते, नाहीतर ती दगडासारखी होते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालतात. हे सगळं पोरंच करतात. स्वतः राबून राखलेली जागा सहज सुटत नाही. दुसरं म्हणजे जोड. कुस्ती एकट्यानं होत नाही. एक जण आला नाही की दुसऱ्याचा सराव बुडतो, आणि वस्ताद लगेच विचारतात, "तो कुठाय?" तिसरं म्हणजे पेठ. तालीम पेठेची असते. म्हणून तर कोल्हापुरात फुटबॉलचे संघसुद्धा पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम या नावांनी खेळतात.

पण या मातीत बायकांना जागा नव्हती. बहुतेक तालमींत बाईला हौद्यापर्यंत येऊ देत नसत. बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ साली. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली २०२३ साली, सांगलीत. तिथं प्रतीक्षा बागडी जिंकली. आपल्या लेकींना दार उघडलं ते इतकं उशिरा.

आता ते बंद होऊ द्यायचं नाही. बचत गट चालवणाऱ्या आपल्याला यातलं काय नवीन आहे? हजेरी, थोडी वर्गणी, पाळीपाळीनं झाडलोट, आणि न आलेलीच्या घरी चक्कर. शाळेची रिकामी खोली आणि एक सतरंजी मिळाली तरी सुरुवात होते. दोघीदोघींच्या जोड्या लावा. एखादी चार दिवस दिसली नाही, तर तिच्या जोडीदारणीनं तिच्या दारात जावं. सासूचं दुखणं असेल, भांगलण असेल, तर वेळ बदला, पण तिचं नाव खोडू नका.

तुमच्या गावात काय जमलं ते आम्हाला कळवा.