भाषणातून खोडलेले एक वाक्य



समितीने लेख मागताना दोन पर्याय दिले होते: शाळेच्या आठवणी लिही, नाहीतर तुझ्या आवडीचा इतिहास लिही. मी दोन्ही एकत्र करतो आहे. कारण इतिहासाची एक जुनी बाकी माझ्या अंगावर आहे आणि ती आपल्याच वर्गातली आहे.

नववीत वक्तृत्व स्पर्धेत मी पंडिता रमाबाईंवर बोललो होतो. आपल्याकडून पुण्याला जाताना पॅसेंजर केडगावला थांबायची, त्यामुळे विषय ओळखीचा वाटला. भाषण घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी लिहून दिले. त्यात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याचे एक वाक्य मी घातले होते. "ते नको, विषय भलतीकडे जातो," असे म्हणून त्यांनी ते खोडले. मला दुसरा क्रमांक मिळाला. मधल्या सुट्टीत आपल्या वर्गातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने विचारले, "त्या ख्रिस्ती होत्या, हे का नाही सांगितलंस?" त्या काळी मुलेमुली एकमेकांशी फारसे बोलत नसत. तरी ती मुद्दाम आली होती. मी म्हणालो, "वेळ पाचच मिनिटं होता." ते खरे नव्हते. खरे उत्तर आज लिहितो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आई लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. आधी वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आपल्या पाठ्यपुस्तकात पदव्या होत्या, त्यामागची उपासमार नव्हती. पुढचे सारे समजायला मात्र ती उपासमार लक्षात ठेवावी लागते.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न केले. दोन वर्षांतच पती गेले. कडेवर मनोरमा ही लहान मुलगी. त्या पुण्याला आल्या, १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची आणि स्त्री डॉक्टरांची गरज मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे वॉन्टेजच्या सिस्टरांकडे राहिल्या.

माझ्या भाषणातून गळलेली गोष्ट इथे घडते. लंडनच्या फुलहॅम भागात या सिस्टर समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत. तो रमाबाईंना दाखवण्यात आला. ज्या बायकांची सावलीही लोक टाळत, त्यांची सेवा कुलीन घरच्या बायका मायेने करत होत्या. हे पाहून रमाबाईंनी आपल्या शिक्षिका सिस्टरना विचारले, की यांना हे करावेसे का वाटते? उत्तर म्हणून सिस्टरनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तरी दमलेला येशू भर दुपारी विहिरीवर बसून, पाच नवरे झालेल्या त्या बाईकडे पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माच्या गोष्टी बोलतो. पाणवठ्यावरची शिवाशिव आणि स्त्रीला वेदांचा अधिकार नाही हे वाक्य, दोन्ही जन्मभर पाहिलेल्या रमाबाईंना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसेल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा प्रसंग पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

म्हणजे त्यांनी आधी सेवा पाहिली आणि त्या सेवेचे मूळ शोधताना त्या श्रद्धेपर्यंत पोचल्या. त्यांच्या आयुष्यात सेवा आणि श्रद्धा वेगळ्या करताच येत नाहीत. पण पुण्याने तो प्रयत्न केला आणि त्यातूनच मोठा वाद झाला.

अमेरिकेतल्या हितचिंतकांच्या मदतीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. इथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रमाबाईंनी दार लावून घ्यायला नकार दिला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर बाजूला झाले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सांगतो, सल्लागारांची अडचण खोटी नव्हती. शब्द दिला होता आणि पालक त्या शब्दावर विसंबले होते. पण दुसरी बाजूही पाहा. त्याच १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांनी ज्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, त्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्या हिंदूच राहिल्या. कर्व्यांच्या कार्याला त्यांची जन्मभर साथ मिळाली. उघड्या दाराच्या त्या घरातून अशाही मुली बाहेर पडल्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःची सोळा वर्षांची भूक आठवली. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. तेव्हा पुण्यात प्लेग होता, शहरात इतकी माणसे ठेवायला मनाई झाली. केडगावला फळबागेसाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन होती, तिथे त्यांनी बिऱ्हाड हलवले. आधी तंबू आणि झोपड्या, मग इमारती. हेच मुक्ती सदन. याच काळात सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची जी परवड होई, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या साहेबाच्या बाजूच्या झाल्या नव्हत्या.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींना नुसते जेवू घालून भागणार नव्हते. शेती, विणकाम, शिवण, छापखाना असे कामाचे विभाग उभे राहिले. मनोरमाने ब्रेल शिकून घेतली आणि अंध मुलींना शिकवली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले घर असे भीमेच्या खोऱ्यात उभे राहिले.

मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. उपाशी मुलीला अन्न आणि धर्म एकाच दारात मिळाला तर तिची निवड कितपत मोकळी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारायला हवा. माझ्याकडे त्याचे तयार उत्तर नाही. एवढेच दिसते, की त्या मुलींना कोणी दुसरे न्यायला आले नव्हते. शिवाय रमाबाईंनी जे इतरांना देऊ केले, त्यासाठी आधी स्वतःचे घरदार, मान आणि माणसे गमावली होती.

शेवटची अनेक वर्षे त्या हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. साध्या बायकांना वाचता यावे अशी भाषा हवी, हा आग्रह. छपाईचे काम मुक्तीतल्या बायकाच करत. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईने काम थांबवले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

परीक्षेत आपण 'जोड्या लावा'मध्ये रमाबाईंची जोडी शारदा सदनाशी लावली आणि गुण मिळवले. जोडी बरोबरच होती. पण त्या हे सगळे का करत होत्या, हे वगळून मी त्यांचे कौतुक केले. ते कौतुक त्या मैत्रिणीला कसे लागले असेल, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. तिच्या घरच्यांना जे पवित्र वाटते, तेच मला 'भलतीकडचे' म्हणून खोडायला काही वाटले नव्हते.

तिचे नाव लिहीत नाही, वाचल्यावर तिला कळेल. मेळाव्याला ती येणार आहे, असे यादीत पाहिले. जेवणाच्या सुट्टीत भेटेन. या वेळी "वेळ पाचच मिनिटं आहे" असे म्हणणार नाही.