कवटीच्या तळावरील अर्बुदांची रेडिओसर्जरी

कवटीच्या तळावरील अर्बुदांची रेडिओसर्जरी ही मेंदूच्या खालच्या बाजूस, कवटीच्या तळाशी वाढणाऱ्या गाठींवर अचूक नेमलेल्या किरणांचा मोठा मारा करण्याची उपचारपद्धती आहे. नावात ‘सर्जरी’ असली तरी तीत कवटी उघडली जात नाही. गाठ काढून टाकणे नव्हे, तर तिची वाढ थांबवणे हा या उपचाराचा हेतू असतो.

इतिहास

स्वीडिश मेंदूशल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही संकल्पना मांडली. भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्या सहकार्याने त्यांनी तयार केलेले पहिले गॅमा नाइफ यंत्र १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोम येथे वापरात आले. भारतात १९९०च्या दशकात मुंबईतील हिंदुजा रुग्णालय व दिल्लीतील एम्स येथे ही सोय सुरू झाली.

कार्यपद्धती

रुग्णाच्या डोक्याला स्थानिक भूल देऊन धातूची चौकट बसवतात आणि एमआरआयच्या आधारे गाठीचे नेमके स्थान ठरवतात. गॅमा नाइफमध्ये कोबाल्ट-६०च्या सुमारे २०० स्रोतांतून निघणारे किरण एका बिंदूवर एकवटतात. प्रत्येक किरण स्वतंत्रपणे क्षीण असल्याने वाटेतील ऊतींना इजा कमी होते. किरणांमुळे गाठीतील पेशींच्या डीएनएची हानी होऊन त्यांचे विभाजन थांबते. लिनॅक व सायबरनाइफ या यंत्रांनीही हा उपचार करता येतो.

उपयोग

तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातून उद्भवणारा व्हेस्टिब्युलर श्वानोमा, मेनिंजिओमा आणि शस्त्रक्रियेनंतर उरलेली पीयूषिका ग्रंथीची गाठ यांसाठी ही पद्धत प्रामुख्याने वापरतात. गाठीचा व्यास साधारणतः ३ सेंटिमीटरपेक्षा कमी असावा लागतो. मोठ्या गाठीचा मस्तिष्कस्तंभावर दाब पडत असल्यास शस्त्रक्रियाच श्रेयस्कर ठरते, कारण रेडिओसर्जरीने तो दाब तत्काळ कमी होत नाही.

मर्यादा व धोके

कवटीच्या तळातून दृष्टी, श्रवण व चेहऱ्याच्या हालचालींचे मज्जातंतू जातात. त्यामुळे मात्रा ठरवताना गाठीइतकाच या मज्जातंतूंचाही विचार करावा लागतो. व्हेस्टिब्युलर श्वानोमासाठी सुरुवातीच्या काळात अधिक मात्रा दिली जात असे व काही रुग्णांना चेहऱ्याचा पक्षाघात होई. पुढे ती १२ ते १३ ग्रेपर्यंत कमी केल्यावर हा धोका बराच घटला आणि गाठीवरील नियंत्रणही टिकून राहिले. श्रवणशक्ती मात्र काही रुग्णांत कालांतराने कमी होते. गाठ दृष्टीच्या मज्जातंतूला चिकटलेली असल्यास एकाच वेळी पूर्ण मात्रा देणे सहसा टाळतात.

उपचारानंतर गाठ काही काळ फुगलेली दिसू शकते, त्यामुळे ती वाढत असल्याचा निष्कर्ष लगेच काढत नाहीत. अनेक वर्षे ठरावीक अंतराने एमआरआय तपासणी करावी लागते.